जर्मन शेफर्डचं पिल्लू घ्यावं का?

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगा आठवीत आहे, वर्षभर मागं लागलाय जर्मन शेफर्ड पाहिजे म्हणून. मी आणि मिस्टर दोघंपण नोकरीला. ओळखीतून एकजण पिल्लू देतोय, ३५ दिवसांचं आहे, वंशावळीचे पेपर नाहीत पण प्युअर आहे म्हणतो. घ्यावं का?

उत्तर : ताई, हे पिल्लू घेऊ नका. ३५ दिवस म्हणजे पाच आठवडे, आणि कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. आई आणि भावंडांसोबत राहूनच ते चावताना किती जोर लावायचा ते शिकतं. आमचा पहिला लॅब्रॅडॉर आम्ही एवढाच लहान आणला होता, आठव्या दिवशी रक्ताची जुलाब सुरू झाली, पार्वो म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार निघाला, तीन दिवस सलाईन लावून बसलो पण वाचला नाही. विकणाऱ्यानं लस दिलीय म्हणून सांगितलं होतं, कार्ड मात्र आम्ही मागितलंच नव्हतं. म्हणून सांगते, लसीचं कार्ड बघा, जंताचं औषध कधी दिलं विचारा, आणि आई दाखवा म्हणा. आई लाजरी-बुजरी किंवा अंगावर येणारी असेल तर पिल्लूपण तसं निघण्याची शक्यता असते. या ब्रीडला खुब्याच्या सांध्याचा त्रास फार, तो आईबापाकडून येतो, तेव्हा त्यांचा एक्सरे काढलाय का तेपण विचारा.

आता तुमच्या घराचं. पहिले तीन महिने तरी पिल्लानं जिना चढउतार करायचा नाही, म्हणजे दर दोन-तीन तासांनी शू-शीला उचलून खाली न्यायचं, परत वर आणायचं, आणि सहा महिन्यात ते वीस किलोच्या आसपास जातं. तुम्ही दोघं ऑफिसात, मुलगा शाळेत, मग दुपारी कोण? घरात गुळगुळीत फरशी असेल तर मागचे पाय सारखे घसरतात, तिथं जुन्या सतरंज्या अंथरा.

आणि आपला उन्हाळा! एप्रिल-मे मधे पारा ४२-४३ च्या वर जातो, कुत्र्याला घाम आपल्यासारखा येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग गार करतो. फिरवायच्या आधी तळहात डांबरी रस्त्यावर टेकवून बघा, पाच-सात सेकंद ठेवता आला नाही तर त्याचे पंजेपण भाजतील. म्हणजे पहाटे साडेपाचला आणि रात्री आठनंतर, रोज, दहा-बारा वर्षं. पाणीपण डोक्यात घ्या, आपल्याकडं नळ रोज येत नाही, आणि मोठ्या कुत्र्याचं पिणं, आंघोळ, गॅलरी धुणं याला किती पाणी लागतं ते पाळल्यावरच कळतं.

हे ब्रीड १८९९ पासून जर्मनीत मेंढ्या राखायला म्हणून घडवत आणलंय, आपल्या धनगराच्या कुत्र्यासारखं दिवसभर कामाला लागलेलं. त्याला नुसतं फिरवून भागत नाही, डोक्याला काम पाहिजे. माझी आत्ताची कुत्री भाकरीचे शेंगदाण्याएवढे तुकडे पायपुसण्याखाली, चपलेत, खुर्चीमागं लपवले की नाक जमिनीला लावून वीस मिनिटं शोधते आणि मग एकदम शांत झोपते, तेच दिवसभर एकटी ठेवली की सोफा फाडते, भुंकून शेजाऱ्यांना त्रास.

मुलाची हौस खोटी नाही, मला ते कळतं. त्याला महिनाभर पहाटे साडेपाचला उठून ओळखीतल्या कुणाचंतरी मोठं कुत्रं फिरवायला लावा, तुम्ही दोघांपैकी एकानं सोबत जा. महिना झाल्यावरपण तो स्वतःहून उठत असेल आणि दुपारसाठी घरात आजी-आजोबा किंवा कुणी असण्यासारखं असेल, तर मला परत लिहा, कुठल्या वयाचं, कुठल्या स्वभावाचं घ्यायचं ते आपण बसून ठरवू. तोपर्यंत त्या माणसाला आजच फोन करून नाही म्हणून सांगा, आणि पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळच ठेवा, एवढंपण सांगा.