कागदावरचा पहिला गोधडी-ब्लॉक: रंग आणि कापड

ताई, या पद्धतीत नक्षी छापलेल्या कागदावर कापडाचे तुकडे एकेक करून शिवायचे, उलटायचे आणि गोधडीचा एक चौकोन, म्हणजे ब्लॉक, झाला की कागद फाडून काढायचा. सुरुवातीला तीनच रंग घ्या: गडद, मध्यम, फिका. नवशिक्यांचं चुकतं ते इथेच. लाल आणि हिरवा वेगळे दिसतात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर नक्षी उठत नाही. तुकडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा, लगेच कळेल.

कापड सुती, धुऊन इस्त्री केलेलं. येवल्याच्या पैठणीचा उरलेला तुकडा घरात असेल तर मोह होणारच! पण रेशमाचे धागे सुटतात, शिवताना ते सरकतं. ते नंतर, मागे चिकट अस्तर लावून.

- टाका १.५ मिमी, मग कागद सहज फाटतो.
- तुकडा चहूबाजूंनी किमान १ सेंमी मोठा कापा. तिरक्या जागी शिवून उलटल्यावर तो हमखास कमी पडतो.
- कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला, शिवण छापील रेषेवर. म्हणून नक्षी आरशातल्यासारखी उलटी येते.