उत्तर: अल्पदृष्टी, प्रथम वर्ष बी.ए., परीक्षा विभाग नुसतं ‘बघू’ म्हणतोय

तू लिहिलंस की कॉलेजने वर्गातली एक मुलगी तुला ‘सोबती’ म्हणून दिली आहे. ती मनापासून मदत करते, पण लेखनिकाचं (म्हणजे पेपरात आपण सांगू ते लिहून देणाऱ्या व्यक्तीचं) आणि जादा वेळेचं विचारलं की तिलाही काही सांगता येत नाही, आणि परीक्षा विभाग ‘बघू’ म्हणतो. वाचून राहवलं नाही. मीही अल्पदृष्टी, मीही बी.ए., आणि हे ‘बघू’ माझ्या चांगलंच ओळखीचं आहे.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), प्रमाणपत्र वगैरे तुझ्याकडे आहे असं धरून चालते.

डोळस सोबती मैत्रीण म्हणून हवीच, फळ्यावरचं वाचून दाखवायलाही हवी. पण मार्गदर्शक म्हणून आपल्यासारखंच अपंगत्व असलेली, शक्यतो त्याच विद्यापीठातून परीक्षा देऊन गेलेली व्यक्ती शोध. कर्णबधिर सीनियरला दुभाषा कसा मिळवायचा हे पक्कं ठाऊक असेल, लेखनिकाच्या शिक्षणाची अट ठाऊक असेलच असं नाही. हे माझं मत. कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

मला सगळ्यात महाग पडलं ते एका कार्यालयाचं तोंडी आश्वासन. नाव लिहीत नाही. लेखनिक आणि जादा वेळेसाठीचा अर्ज मुदतीत दिला होता. ‘होऊन जाईल, काळजी करू नका,’ म्हणाले. पोच मागितली तर ‘आम्ही पोच देत नाही’. पेपरच्या दिवशी परीक्षा केंद्रावर मंजुरीचं पत्रच पोचलेलं नव्हतं. लेखनिक फाटकाबाहेर उभी आणि मी आत भिंग धरून प्रश्नपत्रिका वाचतेय. लेखी आदेश नाही म्हणून जादा वेळही नाही. अर्धा पेपर कोरा गेला, विषय राहिला, त्यापायी एम.ए.चा प्रवेश वर्षभर लांबला. ‘पुढच्या वेळी लवकर अर्ज करा’ एवढंच उत्तर मिळालं. त्याच लोकांनी 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, स्टेजवर बोलावून मला फूल दिलं होतं. फूल नको होतं, एक पत्र वेळेवर पाठवायला हवं होतं. याचा राग अजून गेलेला नाही.

नंतर इतिहास विभागातला एक पूर्ण अंध दादा भेटला. त्याने सांगितलं, अर्ज थेट टेबलावर द्यायचाच नाही. आवक-जावक विभागात द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवायचा, शिवाय ईमेल. मंजुरीपत्राची एक प्रत आदल्या दिवशी स्वतः केंद्रप्रमुखांच्या हातात द्यायची. हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. दादा वर्षभर आधी भेटला असता तर, असं आजही वाटतं.

अर्जात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 चा उल्लेख कर. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा धरला होता. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर लेखनिक न घेताही तो वेळ मागता येतो. अल्पदृष्टी असलेल्यांना हे बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. लेखनिकाचे आणि जादा वेळेचे नियम मात्र बदलत असतात, तेव्हा तुझ्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक बघ, माझ्यावर विसंबू नकोस. तरीही अडवलं तर विद्यापीठाचा तक्रार निवारण अधिकारी कोण ते लेखी विचार. सरकारी आस्थापनेत तो नेमणं कलम 23 नुसार बंधनकारक आहे.

जाता जाता: सीनियरकडून नोट्स घेताना युनिकोडमधल्याच (संगणकावर मराठी लिहायच्या आजच्या प्रमाण पद्धतीतल्या) घे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली मराठी फाइल एनव्हीडीएला (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येत नाही, नुसती निरर्थक अक्षरं ऐकू येतात. स्कॅन केलेली पीडीएफ तर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) केल्याशिवाय काहीच बोलत नाही.

तुझा विषय भूगोल असेल, तर नकाशा-आकृतीच्या प्रश्नांऐवजी पर्यायी प्रश्न हवेत हे याच अर्जात लिही. पेपर हातात पडल्यावर मागितलं तर कुणी ऐकत नाही. विषय आणि विद्यापीठ इथे कळव, तिथून परीक्षा दिलेलं कुणी माझ्या ओळखीचं असेल तर जोडून देते.