वाचक विचारतात : सूत्र धरून शहर हिंडताना

प्रश्न : न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये २००३ साली सायकोजिऑग्राफीचा, म्हणजे शहर हिंडत त्याचा मनावरचा परिणाम टिपण्याच्या छंदाचा, महोत्सव सुरू झाला, त्याबद्दल वाचलं. तशा भटकंतीतलं ‘पहिली डावी, दुसरी उजवी, दुसरी डावी, पुन्हा पहिल्यापासून’ हे सूत्र मी मॅनहॅटनमध्ये पाळून पाहिलं. पाचवा ॲव्हेन्यू आणि १८वा रस्ता या चौकातून उत्तरेकडे निघालो आणि तासाभराने त्याच चौकात येऊन उभा राहिलो. मोजणीत काय चुकलं? – एक वाचक, जर्सी सिटी

उत्तर : मोजणी बरोबर होती, सूत्रच घरी परतणारं आहे. त्यात डावी वळणं दोन आणि उजवं एक. म्हणजे एका फेरीनंतर तुमचं तोंड काटकोनात डावीकडे फिरलेलं असतं आणि चार फेऱ्यांत पूर्ण वर्तुळ होतं. कागदावर काढून पाहा : पश्चिमेला दहाव्या ॲव्हेन्यूपर्यंत जाऊन, २० ब्लॉक (दोन चौकांमधला टप्पा म्हणजे एक ब्लॉक) चालून, नेमके मूळ चौकात. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास.

हे घडतं ते हाउस्टन स्ट्रीटच्या उत्तरेला, कारण शहराच्या १८११च्या आराखड्याने तिथे उभे ॲव्हेन्यू आणि आडवे रस्ते अशा काटकोनी चौकटी आखल्या. खाली लोअर ईस्ट साइडच्या पुढे, चायनाटाउनच्या वाकड्या गल्ल्यांत हेच सूत्र तुम्हाला कुठेही नेईल. चौकटीच्या शहरात दूर जायचं असेल, तर एका फेरीत डावी-उजवी वळणं सारखी ठेवा. ‘दुसरी डावी, पहिली उजवी, तिसरी उजवी, पहिली डावी’ हे करून बघा : दर फेरीला त्याच ॲव्हेन्यूवर पाच रस्ते उत्तरेला सरकता, आणि चार फेऱ्यांत साधारण एक मैल. फरक एका वळणाचा असेल तर चार फेऱ्यांत परत, दोनाचा असेल तर दोन फेऱ्यांतच.

सूत्र बिघडतं ते मात्र बहुतेकदा मोजणीतच. ‘दुसरी डावी’ म्हणजे फक्त डाव्या बाजूला फुटणारे रस्ते मोजायचे, उजवीकडचे नाहीत. गप्पांत आकडा हटकून विसरतो. म्हणून प्रत्येक रस्त्याला एक नाणं या खिशातून त्या खिशात टाका, आणि वळण पुकारायचं काम एकाकडेच द्या. नदी, बंद रस्ता किंवा वळणच नसलेलं टोक आलं तर काय करायचं, हे निघण्याआधी लिहून ठेवा. ‘पुढचं एक वळण उलट बाजूला, मग सूत्र आहे तिथून पुढे’ एवढं पुरतं. वाटेत ठरवायला बसलात की प्रत्येक जण आपल्या आवडीच्या गल्लीकडे ओढतो, आणि सूत्र घेतलं होतं ते हीच ओढ बाजूला ठेवायला.

प्रश्न : पुण्यातल्या पेठांत हे जमेल का? बोळ रस्त्यात धरायचा का? – एक वाचक, पुणे

उत्तर : जमेल, आणि चौकट नसल्याने परतायची भीतीही कमी. दुसऱ्या टोकाला बाहेर पडणारा बोळ मोजा. वाड्याच्या चौकात संपणारा सोडून द्या, ते लोकांचं अंगण आहे.

प्रश्न : एका शहराच्या नकाशावर दुसरं शहर फिरतात, ते नेमकं कसं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सायकोजिऑग्राफीची कल्पना मांडणारे फ्रेंच लेखक गी दबोर यांनी १९५५च्या एका लेखात सांगितलं आहे की त्यांच्या एका मित्राने लंडनचा नकाशा डोळे मिटून पाळत जर्मनीतला हार्त्स हा डोंगराळ प्रदेश पालथा घातला. तुम्ही डोंगरात शिरू नका, शहरातच करा. दोन्ही नकाशे एकाच मापाचे छापून घ्या. १ सेंटिमीटरला १०० मीटर हे माप सोयीचं. परक्या शहरातली ३० सेंटिमीटरची वाट, म्हणजे तीन किलोमीटर, ट्रेसिंग पेपरवर उतरवा. तो आपल्या शहराच्या नकाशावर ठेवून उत्तर दिशा जुळवा, निघायचा बिंदू टाचणीने पक्का करा. रेघ इमारतीतून गेली, तर जवळच्या बाजूने वळसा घालून पुन्हा रेघेवर या. वळसा दोनशे मीटरपेक्षा लांबला तर तिथे फुली मारा आणि रेघेच्या पुढच्या मोकळ्या बिंदूपासून सुरू करा. मापं वेगळी ठेवण्याची चूक सर्रास होते. मग तीन किलोमीटरचे आठ होतात आणि मंडळी रिक्षा शोधायला लागतात.

फुल्या पुसू नका. पुढे कच्चा नकाशा करायला त्याच कामी येतात : शहर कुठे आडवं आलं, भिंत होती की रेल्वेचे रूळ की सोसायटीचं फाटक, हे प्रत्येक फुलीशेजारी वेळेसकट लिहा.

प्रश्न : गटात किती जण असावेत? पाऊस असला तर? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन-तीन जण उत्तम. दहा-बारांच्या वर गेलं की फुटून छोटे गट करावेच लागतात, हे दबोर यांचंही मत होतं. संततधार पावसात भटकंती जवळपास अशक्य, असंही त्यांनी म्हटलं आहे. वादळी सरींना मात्र त्यांची ना नव्हती. कोल्हापुरात जुलै टाळून ऑक्टोबर धरा, आणि कागदाऐवजी पेन्सिल चालेल अशी जाड पुठ्ठ्याची वही घ्या.