जुने आरपीजी (रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम): सुरुवात कुठून करावी?

१९८१ च्या ‘विझर्ड्री’पासून क्रमाने खेळायला बसू नकोस. नवखे हमखास हेच करतात आणि चौकटीच्या कागदावर नकाशे काढता काढता कंटाळून सोडून देतात. सुरुवातीला एवढंच कर:

- ‘बॉल्डर्स गेट’ (१९९८): लढाई चालू असतानाच स्पेसबार दाबून थांबव, आपल्या सगळ्या साथीदारांना हुकूम दे, पुढे चल. पॉज वापरणं म्हणजे चीटिंग नव्हे!
- ‘फॉलआउट’ (१९९७): सगळे गुण ताकदीत ओतू नकोस. इथे शेवटच्या खलनायकालाही बोलून हरवता येतं.

मग ‘अल्टिमा ४’ (१९८५). यात मारायला महाखलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे. आंधळ्या विक्रेतीला कमी पैसे दिलेस तर प्रामाणिकपणा घटतो. माझ्या मते सगळ्यांत धाडसी कल्पना हीच. मॅन्युअल मात्र आधी वाच.

‘रोग’ (Rogue) या जुन्या गेमबद्दल नंतर बोलू.