आई म्हणून हाक मारतील तेव्हा

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं, आणि मग बराच वेळ तुझ्यासाठी गुडघ्यावर होते. तुमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या आई प्रभूकडे गेल्या आणि पाळकसाहेबांनी बायकांची सभा तुझ्या हाती दिली. तू लिहितेस, "मावशी, वचन सांगायला मला वेदीजवळ उभं राहू देत नाहीत. मग मी काय नुसत्या सतरंज्या घालायच्या?" हे वाक्य माझ्या फार जिव्हारी लागलं. तीस वर्षांपूर्वी मी हेच बोलले होते, आणि रडत बोलले होते.

त्या वेळी मला कुणी मदर लिझी रॉबिन्सनची गोष्ट सांगितली असती, तर माझी काही वर्षं वाचली असती. म्हणून तुला सांगते.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, मंडळ्यांमध्ये 'चर्च मदर' असते. पांढरे कपडे घातलेल्या या वयस्क बायका उपासनेत अगदी पुढच्या बाकांवर बसतात. पाळक येतात, बदलून जातात, मदर तिथेच असते. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाची मुलगी बोलेनाशी झाली, कोण तीन रविवार दिसलं नाही, हे तिला ठाऊक असतं. 'चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट' या मंडळीत हे पद नुसतं मानाचं राहिलं नाही, त्याचं एक मोठं कामकाज उभं राहिलं. ते उभं केलं लिझीने.

तिचा जन्म 1860 चा, आर्कान्सा राज्यातला आणि गुलामीतला. म्हणजे आपल्या पंडिता रमाबाईंपेक्षा ती दोनच वर्षांनी लहान. आईला अक्षरओळख नव्हती, तेव्हा लहानगी लिझी तिला बायबल वाचून दाखवायची. पुढे जोआना मूर नावाच्या गोऱ्या बॅप्टिस्ट मिशनरी बाईंचं 'होप' हे मासिक तिच्या हाती आलं. घरच्या घरी बायबल शिकण्याचे पाठ त्यात असत. ते पाठ घेऊन ती बायकांना शिकवायला लागली. मूरबाईंच्या मदतीने डर्मॉट गावच्या बॅप्टिस्ट शाळेत तिची सोय झाली आणि तिथेच ती मेट्रन, म्हणजे देखरेख करणारी बाई झाली.

1911 मध्ये बिशप चार्ल्स मेसन त्या गावात आले. लॉस एंजेलिसला अझुसा स्ट्रीटवर 1906 मध्ये जागृतीच्या सभा सुरू झाल्या होत्या, ते स्वतः 1907 मध्ये तिथे जाऊन पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा घेऊन आलेले. त्यांच्या सभेच्या वेळी लिझीलाही तो अनुभव आला, ती अन्य भाषांत, म्हणजे कधी न शिकलेल्या भाषांत, आत्म्याने बोलली. शाळेला ते चाललं नाही आणि तिची जागा गेली. एक्कावन्न वर्षांची बाई, नोकरी नाही. त्याच वर्षी मेसनांनी तिला आपल्या मंडळीतल्या सगळ्या स्त्रियांच्या कामाची प्रमुख नेमलं. तू सत्ताविसाव्या वर्षी उशीर झाला म्हणतेस, म्हणून तिचं वय मुद्दाम लिहिलं.

आता तिने काय केलं ते नीट वाच. तिथे बायकांचे दोन गट होते. एक गट प्रार्थना करायचा, दुसरा वचनाचा अभ्यास. अभ्यास करणाऱ्यांना प्रार्थनावाल्या अज्ञानी वाटायच्या, आणि प्रार्थनावाल्यांना या कोरड्या, असं तिथेही झालं असेल, कारण आपल्याकडे मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. लिझीने दोन्ही गट एकत्र केले आणि 'प्रेअर अँड बायबल बँड' सुरू केला. एकाच बैठकीत गुडघेही टेकायचे आणि पुस्तकही उघडायचं. माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम हेच. शिवणाची मंडळं, मिशनकार्यासाठी बायकांचे गट, हे सगळं त्यातूनच निघालं.

वचन सांगण्याबद्दल त्यांच्याकडचा नियम तुमच्यासारखाच होता. पुरुष 'प्रीच' करतील, स्त्रिया 'टीच' करतील. पाळकपदाची दीक्षा स्त्रीला नाही. मला विचारशील तर हा नियम मला पटत नाही, आणि कधी पटेल असंही वाटत नाही. थडगं रिकामं आहे ही बातमी प्रभूने आधी एका बाईच्याच तोंडी घातली. पण लिझीने त्या 'टीच' शब्दात किती मावतं ते दाखवलं. बायका नव्या गावात जायच्या, भाड्याची खोली घ्यायच्या किंवा कोपऱ्यावर उभ्या राहून गायच्या, शिकवायच्या, उपास करायच्या. माणसं जमली की मग पाळक मागवायचा. याला त्यांच्यात 'खोदून काढणं' म्हणतात. विहीर खोदावी तशी मंडळी खोदून काढायची. नेब्रास्का राज्यात या पंथाची पहिली मंडळी लिझीने आणि तिच्या नवऱ्याने 1916 मध्ये ओमाहा शहरात अशीच काढली. तिचं तिथलं घर अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे.

म्हातारपणी ती मेम्फिस शहरातल्या मेसन टेंपल या मंदिरासाठी पैसे जमवत होती. पै-पै करून, तिच्यासारख्याच धुणंभांडी करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायकांकडून. डिसेंबर 1945 मध्ये, पंथाच्या वार्षिक अधिवेशनात, ते मंदिर अर्पण झालं आणि त्याच अधिवेशनाच्या दिवसांत, तिथेच मेम्फिसमध्ये, पंच्याऐंशी वर्षांची लिझी प्रभूकडे गेली. याच मंदिरात 3 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपलं शेवटचं भाषण केलं, संपावर असलेल्या सफाई कामगारांसाठी. दुसऱ्या दिवशी त्यांचा खून झाला. ज्या छपराखाली ते उभे होते, त्यात त्या बायकांची नाणी होती.

हे फार लांबचं वाटत असेल तर केडगावला ये. माझ्याकडे दौंडला उतरलीस की अर्ध्या तासाचा रस्ता. माझी आजी तिथे रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. ती सांगायची ते तिनेही मोठ्यांकडून ऐकलेलं, पण पुस्तकांतही तसंच आहे. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी विचारलं, रोज प्रार्थनेला कोण बसेल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा बसायच्या. जूनच्या शेवटी एका पहाटे एका मुलीवर आत्मा असा उतरला, की शेजारच्या मुलीला ती पेटलीच आहे असं दिसलं. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार इतक्यात तिच्या लक्षात आलं की ही आग वेगळी आहे.

ती बादली माझ्या मनातून जात नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या, कुणी बालविधवा, कुणी अनाथ अशा या मुली, आणि त्यांच्यातली एक दुसरीला वाचवायला पहाटे अंधारात पाणी आणायला धावते. मला विचारशील तर आत्म्याचं काम त्या धावण्यातही होतं.

मुक्तीतल्या मिनी अब्राम्स या मिशनरी बाईंनी त्या दिवसांवर 1906 मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती चिली देशात त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीच्या हाती पडली, आणि तिथल्या 1909 च्या जागृतीची एक वात त्या पुस्तिकेने पेटवली. अझुसा स्ट्रीटच्याही एक वर्ष आधी आपल्या केडगावात आग होती. तेव्हा हे सगळं परदेशातून आलेलं आहे असं कुणी म्हणालं, तर मान खाली घालू नकोस. आणि हेही लक्षात ठेव, की अन्य भाषांत बोलली तीच खरी, बाकीच्या अर्ध्याकच्च्या, असा नियम रमाबाईंनी लावला नव्हता. तुझ्या सभेत ज्या बाईला तो अनुभव आला नाही तिला मागच्या सतरंजीवर बसवू नकोस.

आता माझं सांगते, कारण दुसऱ्यांच्या मोठेपणातून जितकं शिकता येतं त्याहून जास्त मी माझ्या एका चुकीतून शिकले.

मी बायकांची सभा घ्यायला लागून दोन वर्षं झाली होती. एका बहिणीने स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या आवाजात, मला घरातली गोष्ट सांगितली. नवरा काय करतो, पाठीवर काय आहे. पदर बाजूला करून दाखवलं. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत मी तिचं नाव घेतलं नाही, पण "आपल्यातल्या एका बहिणीसाठी, जिच्या मुलाची यंदा दहावी आहे" असं म्हणून सगळं प्रार्थनेत ओतलं. दहावीचा मुलगा असलेली बाई आमच्यात एकच होती. प्रार्थना करताना मला फार भार जाणवत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. ती पुढच्या रविवारी आली नाही. मी घरी गेले. तिने चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही प्रार्थना केलीत, पण माझं झाकलेलं उघडं केलंत." ती पुन्हा आमच्या मंडळीत आली नाही.

तेव्हापासून माझ्याकडे दोन वह्या आहेत. एक सभेत उघडते, त्यात आजारपणं, परीक्षा, नोकऱ्या, लग्नं. दुसरी फक्त पहाटे चारला उघडते, आणि ती माझ्या कपाटाबाहेर जात नाही. त्यात नावं आहेत, गोष्टी नाहीत. गोष्टी प्रभूला ठाऊक आहेत. तूही दुसरी वही कर. आणि जिच्या पाठीवर वळ आहेत तिला नुसतं "सहन कर, प्रार्थना कर" म्हणून पाठवू नकोस. तिच्याबरोबर जा. दवाखान्यात जा, गरज पडली तर पोलीस चौकीतही जा.

मी नर्स होते म्हणून आणखी एक. एकदा बाहेरून आलेल्या एका सेवकाने सभेत सांगितलं, बरे झालात, आता गोळ्या टाकून द्या. आमची एक बहीण टीबीची औषधं घेत होती, तिसरा महिना चालू होता. तिने बंद केली. मला कळलं ते तिच्या पत्र्याच्या डब्यात न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या दिसल्या तेव्हा. मग मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी तिच्या घरी जायचे. गोळी तिच्या तळहातावर ठेवायची, माझा हात वर ठेवायचा, प्रार्थना करायची आणि ती गिळेपर्यंत तिथेच बसायचं. डॉक्टरांनी सांगितलं तोवर हे चाललं. ती बरी झाली आणि साक्ष देताना तिने प्रभूचंच नाव घेतलं. मला त्यात काहीच विसंगत वाटलं नाही.

पैशांचं थोडक्यात. बायकांच्या अर्पणाचा हिशेब तू एकटीने ठेवू नकोस. दोघींनी मोजायचं, दोघींनी सही करायची.

सतरंज्यांचं मात्र राहिलं. घाल त्या. लवकर जा, कुणी यायच्या आत. सतरंजी घालताना कोण कुठे बसते ते आठव आणि त्या जागेवर हात ठेवून तिचं नाव घे. पौल रोमच्या मंडळीला लिहिताना रूफाला सलाम सांगतो आणि त्याच्या आईला, 'जी माझीही आई' असं म्हणून. त्या बाईचं नाव लिहिलेलं नाही. तिने पौलाला कधी जेवू घातलं की आजारात उशाशी बसली, काहीच लिहिलेलं नाही. मी हे वचन वाचते तेव्हा दर वेळी थांबते.

आणि वेदीजवळ उभं राहू द्या हे मागणं सोडू नकोस. पाळकसाहेबांशी आदराने, वचन उघडून, पुन्हा बोल. मी इथे बोलतेच आहे. वर्षातून एकदा, बायकांच्या रविवारी, आता मला संदेश देऊ देतात.

पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीने ये. स्टेशनमागच्या चाळीत एक आजी आहेत, मांडीचं हाड मोडून पडून आहेत. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, स्तोत्रं ऐकायला आवडतात. वचन तू वाचशील. येताना अर्धा लिटर दूध घेऊन ये, त्यांच्या खोलीजवळ दुकान नाही.

तुझी,
मावशी