स्कार्फ, तेल आणि न जाणारे पिंपल्स

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची, पंचवटीतून सातपूरला रोज स्कूटीवर जाते, तोंडाला स्कार्फ घट्ट बांधून. कपाळावरचे आणि हनुवटीवरचे पिंपल्स जातच नाहीत. सारखा फेसवॉश करते, लिंबूपण लावून झालं. काय करू?

उत्तर: अगं, आधी ते लिंबू बंद कर, त्याने चेहरा भाजतो, आणि फेसवॉश दिवसातून दोनदाच, सारखं धुतलं की त्वचा कोरडी पडून अजून चिडते. आता स्कार्फ. घाम, धूळ आणि कापडाचं घासणं सगळं हनुवटीवरच येतं, म्हणून सुती घे, सैल बांध, रोज धुतलेलाच वापर, हेल्मेटचं अस्तर आणि पट्टापण पुसत जा. कपाळावरचे बहुतेक तेलामुळे असतील, रात्री तेल चोपडून झोपतेस का? लावायचंच तर केस धुवायच्या तासभर आधी, आणि उशीचा अभ्रा बदलत जा. गोड, मैदा कमी केल्यावर काहींना फरक पडतो, सगळ्यांना नाही. मेडिकलमधून कुणी सुचवलेली स्टिरॉइडवाली गोरेपणाची क्रीम मात्र चुकूनही नको, पिंपल्स वाढतात. हे ८ ते १२ आठवडे नेटाने कर, पण पाळी अनियमित असेल, गाठी दुखत असतील किंवा खड्डे पडायला लागले असतील तर वाट बघू नकोस, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.