खाणी थांबल्या, म्हणून भूविज्ञान थांबत नाही

गोव्यातील साखळीहून एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाली असून गणितात तिला 64 गुण आहेत. तिला भूविज्ञान घ्यायचे आहे, वडिलांना कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवे आहे, आणि 'तिची समजूत आपणच घाला' अशी त्यांची विनंती आहे.

महोदय,

आपल्या तीन पानी पत्रात मुलीचे म्हणणे शेवटच्या एका ओळीत, वेगळ्या हस्ताक्षरात आले आहे : 'ऑलिव्हीन खूप खोल गेल्यावर त्याचे दुसरे खनिज कसे होते, हे कुठे शिकायला मिळेल?' (ऑलिव्हीन हे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातील एक प्रमुख खनिज.) बाकीच्या मजकुरावरून कळते ते एवढेच, की प्रवेशअर्ज आपण तिला न विचारता भरला, आठवडाभर तिच्याशी अबोला धरला आणि हट्ट न सोडल्यास फी भरणार नाही, असेही सुनावले. मला तिच्या गुणांपेक्षा याची चिंता अधिक वाटते. 2012 साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्यावर आपले दोन्ही ट्रक दारात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच राहिले, हे वाचून आपली धास्ती कुठून आली ते समजते. तरीही त्या वर्षांची भरपाई मुलीच्या प्रवेशातून करून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. न विचारता भरलेल्या अर्जावर चार वर्षे शिकणारी मुले माझ्याकडे पुढे येतात, आणि तेव्हा त्यांना दिशा देणे फार अवघड झालेले असते.

'एवढ्या खोल कोणी गेलेलेच नाही, मग ती शिकणार काय?' असे आपण विचारले आहे. कोणी गेलेले नाही, हे खरे. रशियातील कोला येथील विंधनविवर, माणसाने खणलेले सर्वांत खोल, 12,262 मीटरवर थांबले, तर पृथ्वीचा केंद्रबिंदू सुमारे 6,370 किलोमीटर खाली आहे. परंतु तेथील परिस्थिती प्रयोगशाळेत निर्माण करता येते. दोन हिऱ्यांच्या सपाट केलेल्या टोकांमध्ये खनिजाचा सूक्ष्म कण दाबतात, लेसरने तापवतात आणि क्ष-किरणांनी त्यातील अणूंची मांडणी पाहतात. या पद्धतीने पृथ्वीच्या केंद्राइतका, म्हणजे वातावरणाच्या सुमारे 36 लाख पट, दाब गाठला गेला आहे. आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर अशाच प्रयोगांतून मिळाले. सुमारे 410 किलोमीटर खोलीवर ऑलिव्हीनमधील अणू अधिक दाटीने मांडले जाऊन वॅड्सलेआइट हे खनिज होते, 520च्या आसपास रिंगवुडाइट, आणि तोवर रासायनिक सूत्र तेच राहते. 660 किलोमीटरवर मात्र रिंगवुडाइटचे विघटन होऊन ब्रिजमनाइट आणि फेरोपेरिक्लेज अशी दोन खनिजे तयार होतात. भूकंपलहरींचा वेग 410 आणि 660 किलोमीटरवर एकदम का वाढतो, याचा उलगडा त्यातून होतो. 2014 साली तर ब्राझीलमधील एका हिऱ्यात अडकलेला रिंगवुडाइटचा कण सापडला आणि त्याच्या रचनेत पाणी बांधलेले आढळले. डिचोलीच्या लोहखनिजाच्या भावाशी यातील कशाचाही संबंध नाही.

मार्ग परिचित आहे : मडगाव किंवा मिरामारच्या महाविद्यालयातून भूविज्ञानात बी.एस्सी., मग जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., नाहीतर ताळगावच्या गोवा विद्यापीठात, आणि पुढे संशोधनासाठी नेट किंवा गेट या पात्रता परीक्षा. दोनापावला आणि वास्को येथील राष्ट्रीय संस्था घराजवळ असल्या तरी त्यांचा भर समुद्र आणि ध्रुवप्रदेश यांवर आहे. उच्च दाबाच्या कामासाठी मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र किंवा इंदूरचे इंडस-2 सिंक्रोट्रॉन (अतितीव्र क्ष-किरण देणारे यंत्र) यांच्याकडे पाहावे लागेल. या विषयातील जागा थोड्या आहेत आणि पीएच.डी.शिवाय भागत नाही, हेही मुलीने आताच ऐकून ठेवावे. संशोधन जमले नाही, तर भूवैज्ञानिकांच्या भरतीसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची स्वतंत्र परीक्षा आहे.

माझी खरी शंका गणिताबद्दल आहे. खनिजांचे हे रूपांतर ऊष्मागतिकी (उष्णता आणि ऊर्जा यांचे शास्त्र) आणि स्फटिकशास्त्र यांच्या आधारे समजते, आणि दगडांची नुसती आवड तेथे अपुरी पडते. म्हणून तिने भूविज्ञानाबरोबर भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय ठेवता येतील असाच अभ्यासक्रम निवडावा. आपण तिला घेऊन महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागात जावे, प्रश्न तिला विचारू द्यावेत, आणि फी कुठे भरायची ते त्यानंतर दोघांनी मिळून ठरवावे. तोपर्यंत इंजिनिअरिंगच्या जागेसाठी पैसे भरू नयेत.